पावडर मारूनही पिसवा परत येतात, पिसं गळतच राहतात: दोष कुठे आणि तो कसा काढायचा

पिसं गळतात म्हणून पावडर आणली, कोंबड्यांना चोळली. आठ-दहा दिवस कोंबड्या निवांत झाल्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू: दिवसभर चोचीनं पाठ खाजवणं, तुरा फिका, अंडी कमी, आणि दिवेलागणीला खुराड्यात शिरायचं सोडून कोंबड्या पेरूच्या नाहीतर शेवग्याच्या फांदीवर चढून बसलेल्या. सातारा-सांगलीकडे परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत ही तक्रार फिरून फिरून येते, आणि दोष बहुधा पावडरीला दिला जातो. पावडर बऱ्याचदा ठीकच असते. औषध लागतं कोंबडीला आणि किडा राहतो भिंतीच्या सांधीत. दुसरी गोष्ट त्याहून जास्त वेळा निसटते. किडा गेला तरी पिसं भरत नाहीत, कारण पीस ज्याचं बनतं ते कोंबडीच्या पोटात जात नाही. ही दोन्ही कामं एकाच महिन्यात, एकमेकांच्या जोडीनं केली तरच ही फेरी थांबते.

आधी पिसं कुठली गेली ते बघा

कोंबडी रात्री धरा. अंधारात ती शांत असते, झटापट होत नाही. एका हातानं दोन्ही पाय मांड्यांजवळ धरून अंग आपल्या छातीशी टेकवा. उलटी लोंबकळत ठेवू नका, तिचा श्वास कोंडतो.

फक्त पाठ आणि पंखांचे खांदे उघडे, बाकी अंग भरलेलं, कातडी स्वच्छ असेल तर ते कोंबड्याचं काम आहे. ८ ते १० कोंबड्यांना १ कोंबडा पुरतो. पाच कोंबड्यांमागे दोन कोंबडे असले, की त्यांच्या आवडीच्या एक-दोघींची पाठ नखांनी सोलून निघते. इथे कुठलीही पावडर उपयोगाची नाही. जादा कोंबडा काढायचा, ठेवलेल्याच्या नखांची अणकुचीदार टोकं कानशीनं बोथट करायची.

डोकं आणि मान आधी, मग छाती, मग पाठ-पंख आणि शेवटी शेपूट, अशी दोन्ही बाजूंनी सारखी पिसं गेली आणि त्याच जागी नव्या पिसांचे खुंट दिसत असतील, तर ती वर्षाची पिसं झडण्याची वेळ आहे. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे आपल्याकडे दसऱ्याच्या आगंमागं, एक वर्षावरच्या कोंबड्या पिसं टाकतात. पूर्ण अंग भरायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि त्या काळात अंडी बंद किंवा अगदी तुरळक असतात. हा आजार नाही. मात्र याच काळात खुराक सर्वांत चांगला लागतो, आणि नेमका याच काळात 'अंडं देत नाही' म्हणून तो कमी केला जातो.

छाती-पोट उघडं आणि कोंबडी खुडूक असेल तर पिसं तिनंच काढलेली असतात, अंड्यांना अंगाची ऊब थेट लागावी म्हणून. तरी तिची डाल जरूर तपासा. २१ दिवस ती एका जागी बसते, मातीत लोळणं जवळजवळ बंद असतं, त्यामुळे पिसवांना तिच्यासारखी सोयीची जागा नाही. कधी कधी रक्त शोषलं जाऊन ती अंड्यांवरच मरून पडलेली सापडते. डालीत पेंढ्याखाली कोरड्या राखेचा बोटभर थर द्यायची जुनी रीत त्यासाठीच आहे, ती सोडू नका.

शेपटीच्या मुळाशी रक्ताळलेली जागा असेल तर दुसऱ्या कोंबड्या टोचतात. लाल रंग दिसला की त्या थांबत नाहीत, म्हणून जखमी कोंबडी त्याच दिवशी वेगळी करा, जखम पोव्हिडोन आयोडीननं पुसा आणि सुकून पिसांचे कोंब येईपर्यंत परत सोडू नका. याच्या मुळाशी दाटी, खुराकातलं प्रथिन कमी पडणं किंवा मिठाची कमतरता असते. बसायच्या काठीवर प्रत्येकीला किमान २० सेंटिमीटर जागा हवी.

आणि गुदाभोवतीची पिसं काळपट, मळकट, चिकटलेली दिसली, किंवा पिसांच्या मुळाशी पांढऱ्या गाठी धरल्या असतील, तर आता पिसवांकडे वळायचं.

पिसवा म्हणजे एक किडा नाही

आपण सगळ्यांनाच पिसवा म्हणतो. प्रत्यक्षात चार-पाच वेगळे जीव या एका नावाखाली जातात आणि प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळ्या ठिकाणी असतं. म्हणूनच एकाला चाललेला उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिली ऊ. गव्हाच्या काडीच्या रंगाची, पिसं फुंकून बाजूला केली की कातडीवरून झरझर पळते. लिखा पिसाच्या मुळाशी पांढऱ्या गोळ्यासारख्या चिकटलेल्या असतात. ही आयुष्यभर कोंबडीच्या अंगावरच राहते, अंगावरून खाली पडली तर आठवडाभरात मरते. पावडर चोळून जाते ती हीच. पण लिखांवर पावडर चालत नाही.

दुसरा अंगावरचाच माइट, म्हणजे कोळ्याच्या जातीचा अगदी बारीक किडा. मिरीच्या पुडीएवढा, काळसर. गुदाजवळ हात लावला की आपल्या हातावर चढतो. याची पिढी आठवडाभरात तयार होते, त्यामुळे दोन आठवड्यांत ठणठणीत कोंबडी भरून जाते.

तिसरा लाल माइट, आणि परत परत येणाऱ्या तक्रारीमागे सर्वांत जास्त वेळा हाच असतो. द्राक्षावर आणि भाजीवर येणाऱ्या लाल कोळ्याचा हा लांबचा नातेवाईक, पण हा रक्त पितो. दिवसा तो कोंबडीवर नसतोच. दगडी भिंतीच्या मातीच्या सांधीत, काठीच्या सालीखाली, पत्र्याच्या आणि वाशाच्या फटीत, डालग्याच्या विणीत गठ्ठ्यानं बसतो. रात्री बाहेर येतो, पोटभर रक्त पितो आणि परत जातो. भुकेला असताना करडा, प्यायल्यावर लाल. दिवसा कोंबडी कितीही चाळली तरी सापडत नाही, म्हणून 'अंगावर काही नाही, तरी तुरा पांढरा पडतोय' असं कोडं पडतं.

चौथं गोचीड. कोंबडीचं गोचीड म्हशीच्या गोचिडापेक्षा वेगळं असतं: चपटं, अंडाकृती, चामड्यासारखं. तेही दिवसा भिंतीत आणि रात्री अंगावर. त्याची पिल्लं मात्र पाच-दहा दिवस पंखाखाली घट्ट चिकटलेली असतात, काळ्या-जांभळ्या दाण्यांसारखी. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या कोरड्या भागात, जुन्या दगडी वाड्यांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींत याचा संशय आधी घ्या. याच्या चाव्यातून कोंबड्यांना स्पायरोकीट नावाच्या जंतूचा ताप येतो. कोंबडी पेंगते, हिरवी हगते, पाय लुळे पडतात. मानमोडी (राणीखेत) समजून लोक आशा सोडतात, पण हा ताप पशुवैद्यकाच्या इंजेक्शननं बरा होऊ शकतो. भिंतीत गोचीड सापडलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

पाचवा पायाच्या खवल्यांखालचा माइट. त्याचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

ओळखायची पद्धत सोपी आहे. रात्री ९-१० वाजता बॅटरी आणि जुन्या पांढऱ्या धोतराचा किंवा साडीचा तुकडा घेऊन जा. बसायच्या काठीची खालची बाजू आणि काठी भिंतीला टेकते ती दोन्ही टोकं कापडानं दाबून पुसा. कापडावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या तर लाल माइट नक्की. दुसरी पद्धत पुठ्ठ्याची: खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा हातभर कापून गुंडाळी करा, काठीखाली सुतळीनं बांधा, तीन रात्री ठेवा. चौथ्या दिवशी दुपारी काढून पांढऱ्या कागदावर झटका. पुठ्ठा लगेच जाळून टाका, पुन्हा वापरू नका.

तुरा फिका दिसला म्हणजे रक्त कमी झालंच असं नाही. अंडी बंद असलेल्या कोंबडीचाही तुरा फिका आणि बारीक होतो. खालची पापणी हळूच ओढून आतली बाजू बघा. ती गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर रक्त कमी झालं आहे. मग माइट, गोचीड आणि पोटातले जंत, तिन्ही शक्यता तपासा.

तिसऱ्या आठवड्यातच का परत येतात

लाल माइटचं अंडं उन्हाळी हवेत दोन-तीन दिवसांत फुटतं आणि आठवड्याभरात नवा किडा रक्त पिऊन अंडी घालायला तयार होतो. एकदा फवारलं की चालते-फिरते मेले, अंडी शिल्लक राहिली. आठवड्यानं ती पिढी मोठी झाली, पुढच्या आठवड्यात तिची पिल्लं आली आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्याला पुन्हा दिसू लागलं. उवांच्या लिखा फुटायला चार ते सात दिवस लागतात, तिथेही हाच हिशेब. म्हणून कुठलाही उपाय पहिल्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी असा तीनदा करायचा. दुसरी फेरी 'आता दिसत नाहीत' म्हणून सोडली, की पहिली फेरीही वाया जाते.

खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही भागत नाही. लाल माइट रक्ताशिवाय काही महिने तग धरतो आणि गोचीड तर वर्षानुवर्षं. कोंबड्या परत आल्या की तीही बाहेर पडतात.

खुराड्याचा दिवस

कडक ऊन असलेला दिवस निवडा. सकाळी कोंबड्या सोडल्या की काठ्या, डाली, टोपल्या, खोकी, सगळं बाहेर काढा. खालचं पाचट, तूस, विष्ठा खरवडून थेट पोत्यात भरा आणि लांब नेऊन जाळा. शेजारच्या उकिरड्यावर टाकलं तर किडे चालत परत येतात.

तारेच्या ब्रशनं सांधी मोकळ्या करा आणि उकळतं पाणी ओता. चार फूट बाय तीन फुटांच्या खुराड्याला १० ते १५ लिटर लागतं. जिथे उकळतं पाणी पोचतं तिथे अंड्यांसकट काम होतं, आणि हे बहुतेक औषधांना जमत नाही. लोखंडी चौकट आणि दगड ब्लो लॅम्पनं शेकता येतात, पण आसपास पाचट, कडबा, वैरण असेल तर ज्योत अजिबात नको.

सुकल्यावर खरं टिकाऊ काम करा: सांधी बुजवा. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू हे मिश्रण मातीच्या सांधीत दाबून भरा. शेणानं सारवलं की फटी झाकल्या जातात हे खरं, पण सारवण सुकून तडकतं आणि त्या तडेत पुन्हा जागा मिळते. त्यावर चुना द्या: १ किलो विझवलेला चुना, ५ लिटर पाणी, मूठभर मीठ, कापडातून गाळून दोन हात. चुना पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्या आत नकोत, ओल्या चुन्यानं तळवे आणि डोळे भाजतात.

काठी बदला. सालीसकट बाभळीची किंवा निलगिरीची काठी म्हणजे माइटची चाळ. ४ ते ५ सेंटिमीटर जाडीची, साल काढून घासलेली, कडा गोल केलेली काठी वापरा. ती भिंतीत खोचू नका. दोन लाकडी घोड्यांवर (सुट्या उभ्या आधारांवर) ठेवा आणि घोड्यांचे पाय तेलाच्या डब्यांत उभे करा. दुधा-तुपाच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तीच युक्ती. काठी, घोडा किंवा कोंबडीची शेपूट भिंतीला टेकता कामा नये. एवढ्या एका बदलानं भिंतीतल्या किड्याची वाट तुटते.

बांबूचं डालगं उन्हात नुसतं ठेवून भागत नाही, विणीच्या आत सावली राहते. काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर पत्र्यावर ठेवा. इतर दिवसांत उकळतं पाणी फिरवून ओता. जुनं, मोडकं डालगं वाचवण्यात अर्थ नाही, जाळून टाका.

एवढं करूनही गोचीड किंवा माइट राहिलं तर औषध. जनावरांसाठी मिळणारं १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन लिटरला २ ते ४ मिली, फक्त भिंती, फटी आणि काठीवर. कोंबड्या, अंडी, खाद्य-पाण्याची भांडी बाहेर हवीत, आणि पूर्ण सुकल्यावरच आत घ्यायचं. तेच औषध वर्षानुवर्षं वापरलं की माइट त्याला दाद देईनासे होतात, म्हणून दुसरं कोणतं घ्यायचं ते पशुवैद्यकांना विचारा. सौम्य पर्याय हवा असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली कडुनिंबाचं तेल आणि ५ मिली पातळ साबण, दर आठवड्याला. आधी साबण आणि तेल एकत्र घोटा, मगच पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगत राहतं.

पिकावर मारायचं क्लोरपायरीफॉस, डायक्लोरव्हॉस असलं काहीही कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात नको. या गटाच्या औषधांना पक्षी फार लवकर बळी पडतात: लाळ गळते, पाय ताठतात, तासाभरात मान टाकतात. डांबराच्या गोळ्याही नकोत.

कोंबडीच्या अंगावर काय लावायचं

तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षाच्या भुरीसाठी धुरळायची गंधक पावडर कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. अंगावरच्या माइटवर गंधक उत्तम चालतं. पाण्यात मिसळून फवारायचं ८० टक्क्यांचं गंधक मात्र घेऊ नका, त्यात इतर घटक असतात. साधी धुरळणीची पावडरच हवी.

एका कोंबडीला चहाचे दोन चमचे पुरतात. गुदाभोवती, दोन्ही पंखांखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी पिसं उलटी करून कातडीपर्यंत चोळा. तोंड-डोळ्यांकडे जाऊ देऊ नका, आणि आपणही नाकाला रुमाल बांधा, डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं. लिखांचे गोळे जमलेली पिसं मुळाजवळ कातरीनं कापून जाळा. उपटू नका, रक्त येतं आणि बाकीच्या टोचायला येतात. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे थेंब किंवा इंजेक्शन मनानं देऊ नका. ते अंड्यात उतरतं, त्यामुळे किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायला हवं.

पायाचे खवले उचललेले, पांढरट पापुद्रे आलेले, पाय जाडजूड दिसत असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं पाय बुडवा, मऊ दातघाशीनं सैल झालेलं तेवढंच काढा, कोरडं करा आणि व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल खवल्यांच्या फटीत जिरेल असं भरपूर लावा. किडा त्याखाली गुदमरतो. तीन-तीन दिवसांनी, महिनाभर. रॉकेल आणि जळकं ऑइल लावायची सवय सोडायला हवी, त्यानं कातडी भाजते आणि कोंबडी चोचीनं साफ करताना ते पोटात जातं. वाकडे झालेले खवले सरळ व्हायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे पाय लगेच सुंदर दिसले नाहीत म्हणून उपाय फसला असं समजू नका.

यानंतर रोजचं काम कोंबडीवर सोपवा. तिला लोळायला कोरडी माती मिळाली की ती स्वतःच पिसं झाडते. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याकडे जून ते सप्टेंबर परसात कोरडी माती उरतच नाही आणि पिसवा नेमक्या तेव्हाच वाढतात. छपराखाली जुनं टायर किंवा दोन फूट लांब-रुंद खोकं ठेवा. तीन घमेली चाळलेली कोरडी माती किंवा वाळू, एक घमेलं चुलीची चाळलेली राख आणि १ किलो गंधक, असं वीतभर खोल भरा. राख ओली होऊ देऊ नका, ओल्या राखेचं पाणी कातडी जाळतं. प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची राखही नको.

किडा गेला तरी पिसं का येत नाहीत

पिसाच्या वजनात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, आणि तेही गंधकयुक्त अमिनो आम्लांनी भरलेलं. परसातल्या कोंबडीला आपण टाकतो काय? मका, ज्वारी, उरलेली भाकरी, भात. मक्यात प्रथिन जेमतेम ९ टक्के, ज्वारीत १० च्या घरात. अंडी देणाऱ्या कोंबडीला खाद्यात १६ ते १८ टक्के हवं असतं. उरलेलं ती किडे-मुंग्या, वाळवी, अळ्या वेचून भरून काढते. परसाला कंपाउंड झालं, फरशी बसली, उकिरडा हलला, की तेही बंद होतं. मग पोट भरतं, कोंबडी जाडही होते, पण पाठ उघडीच राहते.

सोयाबीन घरचं असतं, म्हणून ते कच्चंच टाकलं जातं, आणि ही चूक आपल्या भागात फार होते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो. भरपूर खाऊनही कोंबडी उपाशीच राहते. खमंग भाजून किंवा अर्धा तास उकळूनच द्या, नाहीतर तेल काढलेली पेंड वापरा.

१० किलो खाद्यासाठी हे प्रमाण बसतं:

मका भरड साडेपाच किलो
सोयाबीन पेंड २ किलो
सूर्यफूल किंवा तिळाची पेंड १ किलो
गव्हाचा कोंडा सव्वा किलो
कुक्कुटपालनाचं खनिज मिश्रण २५० ग्रॅम
मीठ ३० ग्रॅम

यात प्रथिन १८ टक्क्यांच्या थोडं वर जातं. सूर्यफूल-तिळाची पेंड टाळू नका. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी पडतं, ती उणीव या पेंडी भरतात. सोयाबीन पेंडीतली अर्धा किलो काढून तेवढी सुकट घातली तर पिसं आणखी लवकर भरतात, पण सुकट खारवलेली असेल तर वरचं मीठ बंद करा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी ४० ते ६० ग्रॅम, बंदिस्त असेल तर दिवसाला १०० ते १२० ग्रॅम.

शिंपलेचूर यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणारी हवा तेवढा खाते, कोंबडा आणि तलंगा खात नाहीत. वाढत्या पिल्लांच्या पोटात जादा कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात.

म्हशीची सरकी पेंड कोंबड्यांना घालू नका, त्यातल्या गॉसिपॉलमुळे बलक हिरवट-मळका होतो आणि तब्येत उतरते. जनावरांच्या गोळी पेंडीत युरिया असू शकतो, तीही नको. शेंगपेंड प्रथिनाला चांगली, पण बुरशी फार लवकर धरते. पावसाळ्यात मका किंवा पेंडीला कोंदट वास आला, दाण्याच्या टोकाला हिरवं-काळं दिसलं तर सगळं फेकून द्या. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष धुऊन किंवा भाजून जात नाही, थेट यकृतावर बसतं. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतंच भरडून आणा.

पेरणीच्या दिवसांत बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं आणि उसाच्या सरीत टाकलेलं दाणेदार कीटकनाशक कोंबड्या दाणा समजून टिपतात. त्या दिवशी त्यांना कोंडूनच ठेवा. द्राक्षबागेत फवारणी चालू असेल तेव्हाही तेच.

पिसवा नसलेल्या गोष्टी

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या धरल्या असतील तर ती देवी आहे, डास पसरवतात. खपल्या ओढू नका, आयोडीन लावा, आणि पुढच्या खेपेच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांची असताना देवीची लस द्या. कळपात एकदम दोन-चार मेल्या, माना वाकड्या झाल्या, तोंड सुजलं, तर औषध-पावडर बाजूला ठेवा, पक्षी कुणाला विकू-कापू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मरणाचं कारण कळायला शवविच्छेदन लागतं. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पक्षी कसा न्यायचा ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

चौथ्या आठवड्यातली तपासणी

२१व्या आणि २८व्या रात्री पांढरं कापड पुन्हा काठीखालून फिरवा. दोन्ही वेळा कोरं निघालं तर नंतर महिन्यातून एकदा पुठ्ठा बांधत राहा. डाग पडला तर किडा बाहेरून येतोय. बाजारातून आणलेली नवी कोंबडी असेल तर तिला यापुढे दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवून, दोनदा गंधक चोळूनच मिसळा. नवी कोंबडी आलीच नसेल तर मान वर करून खुराड्याच्या वर बघा: कौलांखाली, पत्र्याच्या पन्हाळीत चिमणीचं किंवा पारव्याचं घरटं असतं आणि त्याखालची भिंत रात्री किड्यांनी भरते. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, मग घरटं काढून जाळा, ती फट सिमेंटनं बुजवा आणि पहिल्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू करा.